तोंड कवा आलं?

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. सव्वीस वर्षं मी तोंडाची औषधं विकली आणि त्यातली पहिली वीस वर्षं एकाही गिऱ्हाइकाचं तोंड उघडून पाहिलं नाही. त्या वीस वर्षांत अपवाद एकच. एकदा पाहिलं, आणि जे पाहिलं ते त्या माणसाला सांगितलं नाही.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे ‘मेडिकलच्या दुकानातल्या गमतीजमती’ मागितल्या होत्या. गमती आहेत, त्या देतो. पण वरचं वाक्य आधी लिहून टाकलं नसतं तर गमती संपेपर्यंत माझा धीरही संपला असता. मी मुळात कमी बोलणारा. आमच्या घरी म्हणतात, याच्यापेक्षा याच्या दुकानाचं शटर जास्त बोलतं.

दुकान चिखलीत, मार्केट यार्डाच्या गेटासमोर. माल घेऊन आलेला माणूस हर्रास, म्हणजे लिलाव, होईपर्यंत मोकळा असतो. मग त्याला आठवतं की आपली कंबर दुखते, बायकोला चक्कर येते आणि आपलं तोंड आलंय. तोंड येणं हा आमच्या भागातला मोठा लोकप्रिय आजार. गालाला, ओठाला, जिभेच्या कडेला फोड आला, जेवताना डोळ्यांतून पाणी निघालं, की झालं, तोंड आलं. हा आजार ‘होत’ नाही. तो पाहुण्यासारखा ‘येतो’. आणि पाहुणा म्हटल्यावर त्याला, तू किती दिवसांपासून आहेस बाबा, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

कारण मात्र प्रत्येकाला ठाऊक असतं. उष्णता! थंडीत आलं तरी उष्णता. वांग्याची भाजी खाल्ली म्हणून उष्णता, रसवंतीचा रस प्यायला म्हणूनही उष्णता. उपायही ते घरूनच ठरवून येतात. जाईचा पाला चावून झालेला असतो, तूप लावून झालेलं असतं, मध झालेला असतो. एक गुरुजी तुरटी धरून बसायचे आणि तसेच वर्गावर जायचे. पोरं खूष, कारण गुरुजींना बोलता येत नसे. सुलतानपूरकडच्या एका गड्यानं फोडावर चुना लावला होता. म्हणे, ‘चुन्यानं भित्ताडाची भेग भरते तं तोंडाची काऊन नाई भरनार?’ त्याचा गाल बरा व्हायला मात्र फोडाच्या दुप्पट दिवस लागले.

मी काय करायचो? तेच, जे माझ्या ओळीतले सगळे करायचे. ‘तोंड आलं?’ ‘हाव.’ एक मलमाची ट्यूब, लाल कॅप्सूलची पट्टी, ‘तिखट नका खाऊ’ आणि पुढचं गिऱ्हाईक. ते मलम म्हणजे जागा घटकाभर सुन्न करणारं. फोड आपल्या पायानं आलेला असतो, आठ-पंधरा दिवसांत आपल्याच पायानं जातो, आणि श्रेय मलमाला मिळतं. त्यातलं थोडं मलाही. लोक म्हणायचे, भाऊच्या हाताला गुण आहे. मी नाही म्हणायचो नाही.

आता गोदाकाकूंची गोष्ट. त्या आमच्या गल्लीतल्या, पंच्याहत्तरीच्या पुढच्या, तब्येतीनं काटक आणि जिभेनं त्याहून. सहा वर्षांपूर्वी, ऐन श्रावणात, दुकानात आल्या.

‘तोंड आलं रे. ह्या महिन्यात तिसऱ्यांदा.’

मी ट्यूब काढली. काकू म्हणाल्या, ‘थांब, हे काढू दे आधी,’ आणि तोंडातली कवळी काढून त्यांनी काउंटरवरच्या वर्तमानपत्रावर ठेवली. कवळी चांगली ऐसपैस, पुरुषी. मी त्या दातांकडे पाहत राहिलो, कारण ते मला ओळखीचे वाटले. या दातांनी माझ्याकडे पाहून कितीदा तरी हसून ‘राम राम’ केला होता.

‘काकू, हे तर काकांचे...’

‘मंग? चांगले तीन वर्साचे दात. मानूस गेला म्हनून दात फेकून देऊ काय?’

‘अहो, पण दुसऱ्याच्या मापाचे दात घासणार नाहीत का? त्यानंच तोंड येतंय.’

‘पन्नास वर्स त्यायच्या मर्जीनं खाल्लं,’ काकू बोळक्या तोंडानं म्हणाल्या, ‘आता त्यायच्या दातानं खाऊन राह्यली. तुले काऊन तरास?’

समोरच्या बाकावर बसलेला माणूस इतका हसला की त्याला ठसका लागला. तो दिनकर. त्याच्याबद्दल आता सांगतोच, पण आधी काकूंना वाटेला लावू. मी त्यांना डॉक्टर नसरीनचा पत्ता दिला. आमच्याच चौकात बांगड्यांचं दुकान असलेल्या रफीकभाईंची ही मुलगी, दातांची डॉक्टर होऊन नुकतीच गावात परतलेली. काकू नाही नाही म्हणत गेल्या आणि महिन्याभरानं स्वतःच्या मापाची कवळी घालून दुकानात आल्या. ‘पाह्य, हे माहे दात,’ म्हणून त्यांनी मला हसून दाखवलं. मग जरा थांबून म्हणाल्या, ‘त्यायचे डब्यात ठेवले. राहू दे, घरात मानूस असल्यासारखं वाटते.’

ही गंमत मी शेकडो वेळा सांगितली आहे. त्याच श्रावणात बाकावर बसून हसणाऱ्या माणसाची गोष्ट एकदाही सांगितली नाही.

दिनकरला सगळं गाव भोंगा म्हणायचं. तो यार्डात हर्रास बोलायचा. तूर असो, सोयाबीन असो, ढिगाशी उभं राहून भाव पुकारायचा, व्यापाऱ्यांना चिमटे काढून बोली वाढवायचा आणि शेवटी सौदा पक्का करायचा: ‘एकवार... दोनवार... तीनवाऽऽर!’ त्याला माइक द्यायचे, तो बाजूला ठेवायचा. भिंतीपलीकडून तो ‘तीनवार’ माझ्या दुकानात यायचा तेव्हा बरणीतल्या खोकल्याच्या गोळ्या हलतात असं मी त्याला म्हणायचो. तो म्हणायचा, ‘हालू दे बे, तेवढ्याच खपतीन.’

आम्ही दोघं एका शाळेतले. आणखी एक गोष्ट दोघांत होती: पुडी. खर्रा म्हणा, मावा म्हणा, आमच्यात नुसतं पुडी. सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटलेला. सकाळी हर्रास सुरू व्हायच्या आधी तो दुकानात यायचा, पुडी सोडायचा, अर्धी त्याच्या गालात, अर्धी माझ्या. पाठीमागच्या भिंतीवर तंबाखूचे तोटे सांगणारं पोस्टर होतं. कंपनीचा माणूस लावून गेला होता. आम्ही त्याच्याकडे पाठ करून बसायचो. उद्धटपणा नव्हता, बाकच तसा होता.

तुरीच्या हंगामात दिनकरचं तोंड आलं. जिभेच्या डाव्या कडेला. ‘देऊन टाक तुहं ते मलम.’ दिलं. पंधरा दिवसांनी पुन्हा आला, पुन्हा दिलं. मग ते नेहमीचंच झालं. ‘तुह्या मलमानं माहं तोंड चालते भाऊ,’ म्हणायचा, आणि खरंच होतं ते. जागा सुन्न झाली की त्याचा हर्रास खणखणीत. उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, ट्यूब चालूच. मी विचारायला हवं होतं की हे तेच तोंड आहे का नवीन. विचारलं नाही. आलं म्हटल्यावर आलं.

पोळ्याला चार दिवस होते. काकूंची कवळी काउंटरवर येऊन गेल्याला आठवडा झाला असेल. दिनकर म्हणाला, ‘काकूच्या दाताले पाह्यतं, माहं तोंड काऊन पाह्यत नाई बे? पाह्य ना एकदा.’ आणि बाकावर बसून, मान वर करून, त्यानं जीभ उजवीकडे ओढून धरली. दुकानात उजेड स्वच्छ होता.

तोंडाचे साधे फोड कसे असतात ते वाचकांना माहीत असावं. गोल, मध्ये पांढुरके-पिवळट, कडेनं लाल, आणि दुखणं असं की मिठाच्या कणानंही माणूस उडतो. दिनकरच्या जिभेवर होतं ते गोल नव्हतं. कडा उंच होती, जाड, चामड्यासारखी. आजूबाजूला पांढरं.

‘दुखते काय रे?’

‘नाई ना. पैले दुखे. आता तं दुखतच नाई.’

मी म्हणालो, ‘मग बरं होऊन राह्यलं.’

आणि ट्यूब दिली.

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, अगदी पहिल्या वर्षात. तोंडातला जो फोड बोंबलतो तो बहुतेक साधा असतो. जो गप्प बसतो, दोन-तीन आठवडे जागा सोडत नाही, हाताला कडक लागतो, त्याला डॉक्टरकडे न्यायचं, पुडी खाणाऱ्याला तर आधी. हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. आणि तरी ‘दुखत नाही’ हे ऐकून मी बरं होतंय म्हणालो.

त्यानंतरचे दिवस मी स्वतःला कारणं पुरवत होतो. मी दुकानदार, डॉक्टर नाही. सोयाबीनचा हंगाम तोंडावर आलाय, त्याला कशाला घाबरवायचं. काकूंना कवळीसाठी नसरीनकडे पाठवायला मला एक मिनिट लागलं नव्हतं. तेव्हा मात्र मी दुकानदार आहे हे आठवलं नव्हतं. खरं कारण वेगळं होतं. त्याच आठवड्यात दाढी करताना मी आरशात स्वतःचा डावा गाल उलटून पाहिला होता. जिथं पुडी ठेवायचो तिथं पांढरा पट्टा होता. तोंडही पहिल्यासारखं उघडत नव्हतं. चांगल्या माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी मावतात. माझी दोन जेमतेम जात होती. दिनकरच्या जिभेचं नाव घेतलं असतं तर माझ्या गालाचंही घ्यावं लागलं असतं. म्हणून दोघांचंही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी तो आला, पुडी सोडली, अर्धी मला दिली. मी घेतली.

दिवाळीनंतर यार्ड पुन्हा उघडलं. आवक दणकून होती. मी दुकानात जाईच्या पाल्याचं कौतुक ऐकत होतो. एक बाई तो कसा चावायचा ते मलाच शिकवत होती. भिंतीपलीकडे दिनकरचा हर्रास चालला होता. ‘एकवार... दोनवार...’ आणि मग आला तो ‘ईनवार’.

हशा पिकला. कोणीतरी ओरडलं, ‘भोंग्या, सकाळीच लावून आला काय बे?’ तो पुन्हा पुकारला. पुन्हा ‘ईनवार’. दिनकर हसणाऱ्यांना उलट टोला हाणल्याशिवाय सोडायचा नाही. त्या दिवशी भिंतीपलीकडून टोला आला नाही.

मी त्या बाईला म्हणालो, ‘मावशी, जरा बसा,’ आणि तसाच यार्डात गेलो. दिनकर ढिगाशी उभा होता, रुमालानं तोंड पुसत. मला पाहून म्हणाला, ‘जीभ वळत नाई बे. मलम संपलं वाटते तुहं.’ मी त्याला स्कूटरवर बसवलं आणि नसरीनच्या दवाखान्यात नेलं. वाटेत तो विनोद करत होता. मला निम्मे कळले नाहीत, आणि ते वाऱ्यामुळे नव्हतं.

नसरीननं आरसा लावून पाहिलं, बोटानं चाचपलं, मानेला हात लावला. चिठ्ठी लिहिली, नागपूरची. बाहेर मला एकट्याला म्हणाली, ‘काका, दोन-तीन महिने आधी आले असते ना, तर बराच कमी भाग काढावा लागला असता. पण असू दे, तुम्ही आणलं तरी. लोक तेवढंही करत नाहीत.’

मी मान हलवली. गप्प बसणं मला तसंही जमतं.

दिनकर वाचला. जीभ अर्धी गेली, मानेतल्या गाठी काढल्या, पुढे महिनाभर किरणांचे शेक घेतले. हर्रास दुसरा माणूस बोलू लागला, तो माइक घेऊन बोलतो. दिनकरला यार्डात वजनकाट्यावर चिठ्ठ्या लिहायचं काम मिळालं. बोलतो, पण शब्द चिखलातून ट्रॅक्टर निघाल्यासारखे निघतात. ही उपमा त्याचीच आहे. ‘थांब बे, फर्स्ट गेर टाकू दे,’ म्हणतो आणि मग वाक्य सुरू करतो.

आणि तो गावभर सांगत सुटला की मला माझ्या दोस्तानं वाचवलं. ‘यानं वळखलं. बाकीचे हासत व्हते, यानं गाडीवर बसवलं.’ इथवर ठीक होतं, पुढे तर त्यानं यार्डातल्या हमालांकडून आणि अडत्यांकडून माझा सत्कार ठरवला. शाल, नारळ, हार. मला आदल्या दिवशी कळलं. ताप आल्याचं सांगून पाहिलं, तर दिनकर म्हणाला, ‘गोळी खा, दुकान तुहंच हाये.’ सत्काराला तो स्वतः बोलला. ज्यानं आयुष्यात माइक घेतला नव्हता त्यानं माइक घेतला. चार वाक्यं बोलला, त्यातली दोन लोकांना कळली आणि चारींना टाळ्या पडल्या. शेवटी माझ्याकडे हात करून म्हणाला, ‘एकवार, दोनवार...’ आणि सगळ्या यार्डानं मिळून ‘तीनवार’ म्हटलं. तो लहान पोरासारखा हसला. मी शाल अंगावर घट्ट ओढून बसलो होतो. लोकांना वाटलं, खरंच ताप आहे.

त्या दुपारी गोदाकाकू दुकानात आल्या. स्वतःचे दात घालून. नारळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘एक सांग. त्याचं तोंड कवा आलं व्हतं?’

‘तुरीच्या दिवसात.’

‘आन् तू पाह्यलं कवा?’

मी म्हणालो, ‘दिवाळीनंतर.’

मी जीभ पाहिली त्या दिवशी काकू बाकावर दिनकरशेजारीच बसल्या होत्या की आधीच घरी गेल्या होत्या, मला आजही नीट आठवत नाही. आठवत नाही म्हणून मी त्यांच्या डोळ्यांत पाहू शकलो नाही. गेल्या वर्षी काकू गेल्या. जाताना दोन्ही कवळ्या मागे ठेवून गेल्या.

त्यांचा प्रश्न मात्र मी ठेवून घेतला. आता कोणीही ‘तोंड आलं’ म्हणालं की मी ट्यूबला हात लावायच्या आधी विचारतो, ‘कवा आलं?’ आठ दिवस म्हणाला, तर मिठाच्या पाण्यानं गुळण्या, तिखट बंद, झोप पुरी. पोरीला परीक्षेच्या वेळी येतं, मागच्या परीक्षेलाही आलं होतं, तर बरं, डॉक्टरांकडून रक्त तपासून घे, आणि पेपराची भीती जरा कमी कर. दाताची कडा टोचते, तर कडा घासून घे, फोडाशी भांडू नको. आणि तीन आठवडे झाले, एकाच जागी आहे, दुखत नाही, असं कोणी म्हणालं, की ट्यूब मागेच राहते. मी टॉर्च काढतो. ‘तीन बोटं घाला तोंडात, उभी. स्वतःची.’ लोक हसतात. यार्डात माझं नाव ‘तोंडपाह्या’ पडलंय. गिऱ्हाईक कमी झालं असं बायको म्हणते. नसरीन म्हणते, तिच्याकडे वाढलंय. पाठवलेल्यांपैकी बहुतेकांचं साधंच निघतं आणि ते परत येऊन मला शिव्या घालतात, उगा घाबरवलं म्हणून. त्या शिव्या मला त्या हारापेक्षा बऱ्या वाटतात.

पुडी सुटली. दिनकरची दवाखान्यात सुटली, माझी त्यानंतर चार महिन्यांनी, तीनदा सोडून पुन्हा धरल्यावर. पांढरा पट्टा नसरीन दर तीन महिन्यांनी पाहते. तोंड उघडायचा व्यायाम दिलाय: आइस्क्रीमच्या काड्या दातांमध्ये एकावर एक रचायच्या, थोड्या थोड्या वाढवायच्या. दुकान उघडायच्या आधी मी बाकावर बसून तोंडात काड्यांची चळत धरतो. दिनकर समोर बसतो आणि मोजतो. ‘एकवार... दोनवार...’ मला हसू येतं आणि काड्या सांडतात. अडीच बोटं जातात आता.

परवा त्याला कळलं की मी दिवाळी अंकात लिहितोय. खूष झाला. म्हणाला, ‘माहं नाव टाक बे. आन् अंक आला की वाचून दाखव. मोठ्यानं. माह्या डोयाले बारीक अक्षर दिसत नाई.’ मी हो म्हणालो. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी तो यायचाय.

तेव्हा मी हे वाचीन, पण वाचणं म्हणजे सांगणं नव्हे. कागद मध्ये असतो. म्हणून अंक बाजूला ठेवून मला त्याला सांगायचं आहे: दिनकर, मी तुझं तोंड पोळ्याच्या आधी पाहिलं होतं, ते साधं नाही हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी गप्प बसलो. लिहून झालंय. तोंडानं सांगणं बाकी आहे.